दाणे निळे असल्याची सही

भालेराव मॅडम गेल्या त्या वर्षी कॉलेजच्या वार्षिक अंकात त्यांच्यावर एक पान काढायचं ठरलं आणि ते काम माझ्या गळ्यात पडलं. रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत त्यांच्यासोबत सगळ्यात जास्त वर्षं मी काढली होती, एवढंच माझं भांडवल. मी प्रयोगशाळा सहायक, माझं लिखाण स्टॉक रजिस्टरपुरतं. तरी बसलो आणि लिहून दिलं: शिस्तप्रिय, मनमिळाऊ, विद्यार्थ्यांच्या लाडक्या. अंक छापून आला, वाचला, आणि माझी मलाच लाज वाटली. मनमिळाऊ म्हणे. मॅडमचं स्टाफरूममध्ये कुणाशी पटत नव्हतं, पोरं त्यांना टरकून असायची, आणि लाडक्या-बिडक्या तर त्या मुळीच नव्हत्या. शिवाय त्यांच्या बाबतीत माझ्या हातून जे झालं ते मी त्या पानात लिहिलंच नव्हतं. आता मी रिटायर झालोय, कुणाला भ्यायचं कारण उरलेलं नाही, म्हणून ते पान पुन्हा लिहितोय.

मॅडम उंच आणि सडपातळ. सुती साडी, वरून पांढरा कोट, आणि कोटाच्या खिशात एक घडी केलेलं मऊ फडकं, काचेची नळी पुसायला. पुंडलिकनगरातून स्कूटीवर यायच्या. त्यांचे मिस्टर वाळूजला एका कंपनीत शिफ्टवर. एक मुलगा, तो शिकायला पुण्यात. सगळ्यांना त्या आडनावानं आणि 'अहो'नं बोलवायच्या. मला 'अहो शेळके', शिपायाला 'अहो', आणि पहिल्या वर्षाच्या पोरीलासुद्धा 'अहो साबळे, बीकर नीट धरा'. ती साबळे दोन दिवस मागं वळून बघायची, आपल्याच बापाला हाक मारतायत का काय म्हणून.

आमची पहिली ओळख भांडणातून झाली. मॅडम नव्या होत्या, मला तेव्हा तिथं चार-पाच वर्षं झालेली. त्यांनी पाणी मागितलं, मी डिस्टिल्ड पाण्याचा कॅन ठेवला. त्यांनी विचारलं, उकळलंय का. मी म्हणालो, मॅडम, डिस्टिल्ड आहे, उकळायचं काय त्यात? त्यांनी सांगितलं की शुद्ध पाण्यातसुद्धा हवा विरघळलेली असते, त्या हवेतला कार्बन डायऑक्साइड पाणी आंबट करतो, आणि त्यांचं सगळं मोजमाप आंबटपणाचंच आहे. मी म्हणालो, आजवर कुणाची तक्रार नाही. त्यावर त्या वाद न घालता स्वतःच बीकर शेगडीवर ठेवून उभ्या राहिल्या. पाणी उकळून, झाकून, गार होईपर्यंत तासभर उभ्या. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी त्या यायच्या आत मी पाणी उकळून ठेवलं. त्यांनी ना शाबासकी दिली, ना टोमणा मारला. 'बरं' म्हणाल्या आणि कामाला लागल्या.

कसलं काम, ते मला त्यांनीच समजावलं, आणि मला समजलं म्हणजे कुणालाही समजेल. ज्वारी, बाजरी, गहू, डाळी, सगळ्यांत फायटिक आम्ल नावाचं एक द्रव्य असतं. त्याला सहा हात असतात असं धरा. पोटात लोह, जस्त, कॅल्शियम असा एखादा धातू दिसला की हे आम्ल त्याला हातांनी धरून ठेवतं, आणि मग तो धातू अंगाला लागत नाही, तसाच बाहेर पडतो. पण धरायचं म्हटल्यावर हातातलं आधी सोडावं लागतं. हे आम्ल धातू धरताना हायड्रोजन सोडतं, आणि तेवढ्यानं द्रावण आणखी आंबट होतं. "आपल्याला धरलेलं दिसत नाही, शेळके. सोडलेलं मोजता येतं," असं त्या म्हणायच्या. म्हणून काचेच्या नळीतून अल्कलीचा एकेक थेंब सोडायचा, थांबायचं, मीटरचा आकडा स्थिर झाला की लिहायचा, पुन्हा थेंब. एका प्रयोगाला तीन-साडेतीन तास. त्यात जरा गढूळ झालं की सगळं ओतून द्यायचं आणि पहिल्यापासून सुरू. मी असतो तर दुसऱ्याच दिवशी सोडून दिलं असतं.

आणि हे सगळं पंचवीस अंश तापमानावर. आता आपल्या गावच्या मे महिन्यात पंचवीस अंश कुठून आणायचं? प्रयोगाचं भांडं ठेवायला पाण्याची टाकी होती, तिला गरम करायची सोय होती, गार करायची नव्हती. मग मॅडम कॉलेजच्या फाटकासमोर उसाच्या रसाची गाडी लावणाऱ्या रशीदभाईंकडून बर्फ आणायला लागल्या. रोज अर्धी लादी, गोणपाटात गुंडाळून स्कूटीच्या पायाशी. रशीदभाईंनी एकदा न राहवून विचारलं, "मॅडम, इत्ता बरफ रोज लेके क्या करते तुम?" आणि मॅडमनी त्या भर उन्हात, ग्लास धरून ताटकळलेल्या गिऱ्हाइकांसमोर, त्यांना पाऊण तास सगळं फायटिक आम्ल समजावलं. त्या दिवसापासून त्यांचं नाव पंचवीस डिग्रीवाली मॅडम पडलं, आणि रशीदभाई त्यांच्यासाठी चांगली लादी बाजूला काढून ठेवायला लागले.

डबा आम्ही प्रयोगशाळेच्या बाजूच्या खोलीत खायचो. मॅडमच्या डब्यात भाकरीच असायची, भाजीवर लिंबू पिळलेलं. जेवल्याबरोबर कुणी चहा मागवला की त्यांची कटकट सुरू. चहा अर्ध्या तासानं घ्या, जेवणातलं लोह वाया जातं. प्राचार्यांनाही त्यांनी एकदा समारंभात कप हातात असताना हे सुनावलं होतं. लोक हसायचे. मीही मुद्दाम त्यांच्यासमोर जेवणावर चहा प्यायचो, चिडवायला. त्या चिडायच्या नाहीत, माझ्या कपाकडं बघत राहायच्या, आणि ते मला लई लागायचं.

ते तसं का, ते मला एका पोराच्या चोरीमुळं कळलं. प्रॅक्टिकलला एका पोरानं तिन्ही रीडिंग अगदी सारखी लिहून आणली. नवशिक्याच्या हातून तिन्ही वेळा सारखं येईल, हे शेंबड्या पोरालाही पटणार नाही. मॅडमनी त्याला विचारलं, तीनदा केलं का. तो म्हणाला, हो. मॅडम म्हणाल्या, बरं, आणि वहीवर सही केली. मी चाट पडलो. पोरगं गेल्यावर डबा खाताना मी म्हणालो, मॅडम, तो धडधडीत थापा मारतोय, तुम्हाला कळलं नाही होय? त्या म्हणाल्या, कळलं. मग परत का नाही विचारलं? तेव्हा त्यांनी भाकरी खाली ठेवली आणि त्यांच्या आईचं सांगितलं.

पैठणच्या रस्त्याला आत एक गाव, तिथं त्यांची आई लोकांच्या शेतात कामाला जायची. पांढरीफटक, दोन पाट्या उचलल्या की धाप लागायची. आरोग्य केंद्रातून लोहाच्या गोळ्या मिळायच्या. दर महिन्याला रक्त तपासायचं, आणि ते काही वाढायचं नाही. तिथल्या डॉक्टरनं बायांच्या रांगेसमोर आईला विचारलं, गोळ्या खातेस का? आई म्हणाली, खाते. त्यानं परत विचारलं, खरंच खातेस? आई म्हणाली, खाते ना साहेब. तिसऱ्यांदा त्यानं विचारलं नाही, सरळ म्हणाला की तुम्ही बाया गोळ्या गटारात टाकता आणि आमच्याकडं येऊन खोटं बोलता. मॅडम तेव्हा नऊ-दहा वर्षांच्या, आईच्या लुगड्याला धरून शेजारी उभ्या. आई गोळी रोज खायची. उपाशीपोटी मळमळायचं म्हणून बाजरीच्या भाकरीबरोबर खायची आणि वर काळा चहा. पुढच्या महिन्यात पुन्हा तेच ऐकावं लागलं, त्यानंतर ती केंद्रात गेली नाही. मॅडम आठवीत असताना ती बाळंतपणात गेली.

"एमेस्सीला होते तेव्हा एका पुस्तकात फायटिक आम्लावर चार ओळी वाचल्या," मॅडम म्हणाल्या, "आणि होस्टेलच्या जिन्यात बसून रडले. माझी आई खोटं बोलत नव्हती, शेळके."

पुस्तकांमधले आकडे एकमेकांशी जुळत नव्हते. कुणी म्हणे हे आम्ल लोहाला इतकं घट्ट धरतं, कुणी म्हणे तितकं नाही. मॅडमना तो आकडा स्वतःच्या हातानं काढायचा होता, पीएचडी त्याच्यासाठी. आणि माणसाला दुसऱ्यांदा विचारणं म्हणजे त्याला खोटं म्हणणं, हे त्यांच्या मनात तेव्हापासून पक्कं बसलं होतं. त्या कुणालाही एकदाच विचारायच्या. तो तीन रीडिंगवाला पोरगा तासाभरानं आपणहून परत आला, मान खाली घालून कबूल झाला आणि सगळं नव्यानं करून गेला. मॅडमनी त्याला नवं पान दिलं, एवढंच.

आता माझ्याकडं येतो. फायटिक आम्लाची पावडर परदेशातून यायची, एवढीशी बाटली. ती हवेतलं पाणी पिते. मॅडमनी बाटली उघडली त्या दिवशी त्यातलं पाणी किती ते मोजून ठेवलं होतं, पुढं ते तेवढंच राहावं म्हणून बाटली जाड काचेच्या बंद भांड्यात ठेवायची, त्याला डेसिकेटर म्हणतात. त्याच्या तळाला सिलिका जेलचे दाणे असतात, ते ओल शोषून घेतात. कोरडे असले की निळे, ओल पिऊन भरले की गुलाबी. गुलाबी झाले की ओव्हनमध्ये भाजायचे, पुन्हा निळे होतात. हे काम माझं. दर शनिवारी दाणे भाजायचे आणि डेसिकेटरला चिकटवलेल्या कार्डावर तारीख टाकून लिहायचं, 'दाणे निळे', खाली सही.

हे कार्ड मॅडमनीच सुरू केलं होतं. एकदा बाहेरून तपासणीला मंडळी आली, त्यातल्या एकानं कार्ड बघून विचारलं की तुम्ही स्वतः खात्री करून घेता का. मॅडम म्हणाल्या, शेळक्यांची सही आहे, मी परत बघत नाही. मी तिथंच ट्रे घेऊन उभा होतो. माझ्या आयुष्यात माझ्याबद्दल कुणी चारचौघांत असं बोललं नव्हतं. घरी जाऊन बायकोला दोनदा सांगितलं.

त्यानंतरच्या दुसऱ्या आषाढात आमच्या ओव्हनची कॉइल जळाली. मागणी लिहून दिली, स्टोअरवाल्यांनी नेहमीप्रमाणं दिवाळीनंतर बघू म्हटलं. खाली वनस्पतिशास्त्रात ओव्हन होता, धडधाकट. पण तिथल्या सहायकाशी माझं बोलणं बंद होतं. कशावरून, तर एका स्टुलावरून. त्यांनी आमचं लाकडी स्टूल नेलं, परत मागितलं तर म्हणाले आमचंच आहे. त्यावरून आमची तू-तू मैं-मैं झाली, आणि मी त्यांच्या दारात पाय ठेवणार नाही असं मनाशी धरून बसलो. मॅडमना सांगितलं असतं तर त्यांनी स्वतः दाणे खाली नेऊन भाजून आणले असते. ते मला कमीपणाचं वाटलं. म्हटलं, एक शनिवार चालतंय. दाणे जरा फिके होते, सही केली. पुढच्या शनिवारी गुलाबी होते. तरी सही केली. मग सवयच लागली. पावसाळाभर, दिवाळीपर्यंत, मी गुलाबी दाण्यांसमोर उभा राहून 'दाणे निळे' लिहीत होतो. एका स्टुलापायी. आज हे लिहितानाही स्वतःच्या मुस्काटात मारावीशी वाटते.

मॅडम कधी आत वाकून बघायच्या नाहीत. बाटली काढून मीच वजनकाट्यापाशी ठेवायचो. आणि त्या पावसाळ्यातच त्यांनी लोहाचे सगळे प्रयोग केले. जस्त आणि कॅल्शियम आधी झालं होतं. लोह त्यांनी मुद्दाम शेवटी ठेवलं होतं, हात पूर्ण बसल्यावर करायचं म्हणून. पावडर ओली, म्हणजे शंभर म्हणून तोललेली खरी तेवढी नव्हतीच, आणि त्यामुळं सगळं गणित पाण्यात. हे त्यांना ठाऊक नव्हतं. त्या मन लावून थेंब सोडत होत्या. लोहाचा शेवटचा प्रयोग संपला तेव्हा त्यांनी पेढे आणले, मला दोन दिले.

दिवाळीनंतर कॉइल आली, मी दाणे भाजले, सगळं निळं झालं आणि मी ते विसरून गेलो. फाल्गुनात ती बाटली संपली. नवी उघडली. पीएचडीचा प्रबंध द्यायच्या आधी सहज पडताळा म्हणून मॅडमनी लोहाचा एक प्रयोग पुन्हा केला, तर आकडा जुळेना. तीनदा केला. तिन्ही नवे आकडे एकमेकांशी जुळत होते, जुन्याशी एकही नाही.

त्या दिवशी दुपारी त्या माझ्या टेबलापाशी आल्या. हातात ते कार्ड होतं. शांतपणे विचारलं, "शेळके, मागच्या पावसाळ्यात दाणे निळेच होते ना?"

मी त्यांच्याकडं बघितलं. कार्डावर एकाखाली एक माझ्या सह्या होत्या. तपासणीवाल्यांसमोरचं ते वाक्य मला आठवलं. मी म्हणालो, "हो मॅडम, निळेच होते."

"बरं," त्या म्हणाल्या. कार्ड जागेवर लावलं. परत कधीही विचारलं नाही.

मला वाटलं होतं की आठ दिवसांत त्यांना दुसरं काहीतरी कारण सापडेल आणि गाडी पुढं जाईल. तसं झालं नाही. मीटरची काचेची कांडी बदलली. अल्कली नव्यानं बनवली. काचेच्या नळीतून पडणारा थेंबन् थेंब तोलून पाहिला. पाण्याच्या टाकीचा थर्मामीटर दुसऱ्या कॉलेजातून आणलेल्या थर्मामीटरशी ताडून पाहिला. मी सगळ्याला हाताखाली होतो, पाणी उकळून देत होतो, बर्फ फोडून देत होतो, आणि तोंडातून शब्द काढत नव्हतो. एकेक गोष्ट निर्दोष निघत गेली. शेवटी तपासायला उरल्या त्या फक्त मॅडम.

मग त्यांनी स्वतःला तपासायला सुरुवात केली. चष्मा बदलला. नळीवरचं रीडिंग मला वाचायला लावायच्या, "तुम्ही वाचा, माझा भरवसा नाही." एक दिवस हात टेबलावर पालथा ठेवून बराच वेळ बघत बसल्या होत्या, कापतो का म्हणून. मी म्हणालो, मॅडम, तुमचा हात चांगला आहे. त्या म्हणाल्या, "आकडा आपल्याला ओळखत नाही, शेळके. मी चांगली आहे म्हणून तो चांगला येत नाही." पावसाळा आला तोवर त्यांनी नळीला हात लावायचं सोडलं होतं. एमेस्सीच्या पोरींना करायला सांगायच्या आणि स्वतः मागं उभ्या राहायच्या.

त्यांचे विद्यापीठातले मार्गदर्शक भला माणूस. त्यांनी समजावलं की फरक थोडा आहे, प्रयोगातली चूक म्हणून एक ओळ लिहा आणि देऊन टाका. मुदतवाढ एकदा मिळाली होती, दुसरी मिळणार नव्हती. मॅडम फोनवर त्यांना म्हणाल्या, "सर, कुठली चूक ते मला सांगता आलं पाहिजे. आईच्या नावानं मी अंदाजे आकडा देऊ शकत नाही." मी कपाटात फ्लास्क लावत होतो. तेव्हा बोललो असतो तरी चाललं असतं. जुने लोहाचे प्रयोग बाद करायचे, नव्या बाटलीवर पुन्हा करायचे, अडीच-तीन महिन्यांचं काम. मुदतीला पाच महिने होते. पण आता नुसता निष्काळजीपणा राहिला नव्हता, वर खोटंही बोललो होतो, आणि रोज गप्प राहिल्यानं ते खोटं वाढत चाललं होतं. मी फ्लास्क लावत राहिलो.

प्रबंध द्यायच्या मुदतीचा दिवस एका मंगळवारी आला. मॅडमना तीन ते पाच पहिल्या वर्षाचं प्रॅक्टिकल होतं. त्यांनी ते घेतलं. पाचला विद्यापीठाची कचेरी बंद होते. पाच वाजता त्यांनी घड्याळाकडं बघितलं, कोट काढला, खिशातलं फडकं काढून त्याची घडी मोडली, पुन्हा घातली. मला म्हणाल्या, उद्या पाणी उकळायची गरज नाही. आणि गेल्या. मी मोरीपाशी जाऊन नळ सोडला आणि रडलो.

पुढच्या पावसाळ्यात त्यांच्या पोटात दुखायला लागलं. निदान व्हायला वेळ गेला, आणि झालं तेव्हा डॉक्टरांच्या हातात फारसं काही नव्हतं. स्टाफमधले लोक एकेकदा भेटून आले. मी जात नव्हतो. बायको म्हणायची, इतकी वर्षं एका खोलीत काम केलं, तुम्हाला माणुसकी आहे का नाय? तिला काय सांगणार? शेवटी तिलाच सांगितलं. ती पदरानं तोंड दाबून बसली, मग म्हणाली, "आत्ता उठा."

दवाखान्यात पोचलो तेव्हा दुपारचे चार वाजले होते, भेटायची वेळ. मॅडम खाटेवर उशीला टेकून बसल्या होत्या. ओळखू येत नव्हत्या इतक्या वाळल्या होत्या. मला बघून म्हणाल्या, या शेळके, नवीन पोरी पिपेट तोंडानं ओढत नाहीत ना? मी म्हणालो, नाही. स्टूल ओढून बसलो. इकडचं तिकडचं बोलायचं ठरवून आलो होतो, तसलं काही सुचलं नाही. सरळ सांगितलं. कॉइल, स्टूल, भांडण, गुलाबी दाणे, सह्या, आणि त्या दिवशीचं 'निळेच होते'. सांगताना त्यांच्याकडं बघायची हिंमत झाली नाही, सलाइनच्या नळीकडं बघत बोललो.

 त्यांनी विचारलं, "कधीपासून कधीपर्यंत?"

"आषाढापासून दिवाळीपर्यंत."

त्यांनी डोळे मिटले. ओठ हलत होते, कुठले प्रयोग कधी केले ते मोजत होत्या. "लोहाचे सगळे," म्हणाल्या. मी हो म्हणालो. "जस्त आणि कॅल्शियम आधीचं. ते बरोबर आहे." मी हो म्हणालो. मग त्यांनी डोळे उघडले आणि उजवा हात समोर धरून बघितला. "म्हणजे माझा हात बरोबर होता."

मला वाटलं आता बोलतील, शिव्या देतील. मी त्यासाठीच गेलो होतो. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्या ते पुसत नव्हत्या. "मी हात लावायचाच सोडला, शेळके," म्हणाल्या. आणि मग, इतक्या वर्षांत कधी न ऐकलेल्या त्यांच्या गावच्या बोलीत, हळू आवाजात म्हणाल्या, "येकदा सांगायचं व्हतं."

मी मान खाली घालून बसलो.

तेवढ्यात त्यांचे मिस्टर आले. पहिली शिफ्ट करून वाळूजहून थेट आले होते, अंगावर कंपनीचा शर्ट, हातात शहाळं. मॅडमनी त्यांचं मनगट धरलं. त्या धरण्यात इतका जोर होता की ते घाबरले, नर्सला बोलवू का म्हणाले.

"अहो, माझं चुकलं नव्हतं," मॅडम म्हणाल्या.

त्यांना बिचाऱ्यांना काय कळणार? आजारी माणसाची समजूत घालतात तसं ते म्हणाले, नाहीच चुकलं तुझं, तू पड बघू.

"तसं नाही. खरंच नव्हतं चुकलं." आणि त्यांनी माझ्याकडं बोट केलं. "यांना विचारा."

त्यांचे मिस्टर माझ्याकडं वळले. शहाळं अजून हातातच होतं. मॅडमही बघत होत्या, मी काय म्हणतो ते ऐकायला. मी उठून उभा राहिलो आणि म्हणालो, "नाही साहेब. मॅडमचं चुकलं नव्हतं. माझं चुकलं होतं."

"ऐकलंत?" मॅडम त्यांना म्हणाल्या. मग त्या उशीवर मागं टेकल्या, आणि मिस्टरांना पहिल्यापासून सांगायला लागल्या, पावडर पाणी कशी पिते, दाणे गुलाबी का होतात, वजन कसं फसतं. दम लागत होता, थांबत होत्या, पुन्हा बोलत होत्या. मी चपला घातल्या, दारात थोडा थांबलो. माझ्याकडं त्यांचं लक्ष नव्हतं. त्यांना बोलायचं खूप होतं आणि भेटायची वेळ संपायला दहा मिनिटं राहिली होती.